टाचेचं झबलं

“त्यात काय एवढं! मी विणीन की,” असं हेल्का बोलून गेली, तेव्हा तिच्या तोंडात वेलदोड्याच्या पावाचा घास होता. घास तोंडात असताना बोलू नये, हे तिला तिच्या आईने लहानपणी शंभरदा सांगितलं होतं. तेवढं एक ऐकलं असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात कॉफी चालली होती. सासूबाई म्हणजे केर्त्तू. अंगणाच्या या टोकाला त्यांचं घर आणि त्या टोकाला हेल्का आणि इल्पोचं. (अंगण मोठं आहे, पण सासूबाईंचा आवाज त्याहून मोठा.) शेजारची इम्पी, जिच्या मेंढ्या आहेत, तीही आली होती. बाळ बाहेर खिडकीखाली बाबागाडीत झोपलं होतं. बर्फ पडून गेलेला, हवा कडकडीत कोरडी, म्हणजे बाळं झोपवायला अगदी झकास. गावातली सगळी बाळं दुपारची अशीच बाहेर झोपतात आणि आत आणलं की भोकाड पसरतात. हेल्काही लहानपणी अशीच झोपली होती. पण स्वतःचं पोर बाहेर असलं की तिचा जीव काही थाऱ्यावर नसे. कॉफीचे दोन घोट घेतले की ती उठे, बूट चढवी, बाहेर जाऊन बाळाच्या नाकाखाली बोट धरी. श्वास लागला की परत येई. बूट काढून बसली की वाटे, तो श्वास होता की वारा? की पुन्हा बूट.

“अगं, बस की एका जागी,” सासूबाई म्हणाल्या. “तुझं गार बोट नाकाला लागून लागूनच त्याला सर्दी व्हायची.”

“त्याला थंडी वाजत असेल हो, आई. पांघरूण लाथा मारून काढून टाकतो.”

“मग त्याला टोपलीविणीचं झबलं कर,” इम्पी म्हणाली. “खालून बंद, पिशवीसारखं. लाथा मारून मारून दमेल, पण निघायचं नाही.”

टोपलीवीण म्हणजे काय, तर भूर्जाच्या सालीच्या पट्ट्या एकमेकींतून काढून पाठीवर घ्यायची टोपली करतात ना, तशी दिसणारी वीण. दिसणारी म्हणायचं, कारण पट्ट्या त्यात नसतातच. एक लहानसा चौकोन तिरपा विणायचा, त्याच्या कडेवरून टाके उचलायचे आणि पुढचा चौकोन उलट्या बाजूला तिरपा विणायचा. बघणाऱ्याला वाटतं, कुणी बसून पट्ट्या गुंफल्यात. ज्याने विणलंय त्यालाच ठाऊक, गुंफलं काय गेलंय ते. डोकं!

“टोपलीवीण?” सासूबाई हसल्या. “हिच्या हातून आजवर मोज्यांशिवाय दुसरं काही उतरलंय का?”

यात खोटं काहीच नव्हतं. हेल्काला शाळेत सातवीला मोजा शिकवला आणि तिथेच तिचं विणकाम थांबलं. पण मोजा असा पक्का बसला, की ती झोपेतसुद्धा टाच वळेल. घरात पाय चार (बाळाचे धरून सहा) आणि मोज्यांना कपाट पुरेना. इल्पो लाकडाच्या गिरणीत कारकून आहे. त्या गिरणीत मालकापासून भुसा झाडणाऱ्यापर्यंत एकही पाय हेल्काच्या मोज्यावाचून राहिलेला नव्हता.

खरं असलं म्हणून ते कुणी चारचौघींत बोलून दाखवावं असं नाही. आणि हेल्का पाव चावता चावता म्हणाली, “त्यात काय एवढं! मी विणीन की.”

“बाप्तिस्म्याच्या आत?” सासूबाईंचे डोळे बारीक झाले.

“आत.”

“आणि नाही झालं तर?”

इम्पीने कप खाली ठेवला. तिला कळलं, की आता ऐकण्यासारखं काहीतरी होणार.

कारण त्या घरात नावावरून महिनाभर धुमसत होतं. बाळाचं नाव बाप्तिस्म्याच्या दिवसापर्यंत कुणाला सांगायचं नसतं, तोवर बाळ म्हणजे नुसतं ‘बाळ’. पण सांगायचं नसलं तरी ठरलेलं असावं लागतं ना! हेल्काच्या मनात ‘आरो’ होतं. सासूबाईंच्या मनात त्यांच्या वडिलांचं नाव होतं, अनानियास. हेल्काला आजेसासऱ्यांबद्दल आदर होता, पण या नावाचं पोर शाळेत गेल्यावर पहिल्या मधल्या सुट्टीत त्याचं ‘अननस’ होणार, हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. या विचाराने तिला रात्र रात्र झोप नसे. (तशी ती बाळाच्या शिंकेनेही नसे.) शिवाय बायबलातला अनानियास खोटं बोलला आणि जागच्या जागी मेला. हे तिने एकदा सासूबाईंना सुचवून पाहिलं होतं. “आमचे वडील कधी खोटं बोलले नाहीत, म्हणून तर नव्वदीपर्यंत जगले,” असं उत्तर मिळालं. इल्पोला विचारावं तर तो म्हणे, “दोन्ही छान आहेत,” आणि लाकडं फोडायला जाई. त्या महिन्यात त्याने पुढच्या तीन हिवाळ्यांची लाकडं फोडली.

“नाही झालं तर अनानियास,” हेल्का म्हणाली. घास एकदाचा गिळला गेला, पण शब्द बाहेर पडून गेले होते.

“आणि झालं तर तुझं ते आरो की फारो. पण झबलं हवं हं. बाप्तिस्म्याच्या दिवशी अंगात घातलेलं दाखवायचं. मोजा नको मला!” सासूबाईंनी टेबलावरून हात पुढे केला. हेल्काने तो धरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

इम्पीने आपल्या मेंढ्यांची लोकर दिली, पांढरी आणि तपकिरी, अगदी भूर्जाच्या सालीसारखी. हेल्का खिडकीशी बसली. मोज्यासारखंच पाच सुयांवर गोल विणायचं, फक्त टाके खूप जास्त. वर खांद्याचे पट्टे झाले, हात बाहेर काढायची भोकं झाली आणि चौकोनाला चौकोन लागू लागला. पहिले काही दिवस ती जिवाचे डोळे करून विणत होती. चौकोन डावीकडे, चौकोन उजवीकडे. इल्पो येऊन बघून जाई आणि म्हणे, “अरे वा, खरंच टोपली!” तिला चढलं मूठभर मांस.

मग हात सरावले. तिथे घात झाला. हात सरावले की डोळे मोकळे होतात, आणि हेल्काचे डोळे मोकळे झाले की खिडकीबाहेर बाबागाडीकडे जातात.

एका दुपारी बाळ शिंकलं. खिडकीच्या काचेतून, दोन पांघरुणांतून आणि लोकरीच्या टोपीतून आलेली शिंक, पण हेल्काने ती ऐकली. लगेच दवाखान्याला फोन.

“एकदा शिंकलं?” तिकडून नर्सबाईंनी विचारलं.

“एकदाच. पण मोठी होती हो.”

“बाळं शिंकतात.”

“पण इतकी खोल?”

“पुन्हा शिंकलं तर सांगा,” नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मग काय, हेल्का दुसऱ्या शिंकेची वाट बघत बसली. ती काही येईना. शिंक येते म्हणून काळजी आणि येत नाही म्हणून दुप्पट काळजी! शिंक आत अडकली तर नसेल? डोकं सगळं त्या शिंकेत, डोळे खिडकीत. आणि हात बिचारे एकटे पडले. एकट्या पडलेल्या हातांना जे पाठ होतं ते त्यांनी केलं. विणकाम पुरेसं लांब झालंय असं बोटांना लागलं, की शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे अर्धे टाके बाजूला ठेवायचे, उरलेल्या अर्ध्यांवर मागे-पुढे, मागे-पुढे करायचं, मग मधोमध वळवायचं, कडेचे टाके उचलायचे आणि पुन्हा गोल चालू पडायचं. हात चालू पडले. हेल्काला एवढंच वाटलं, की आज काम कसं भराभर उरकतंय!

आता कुणी म्हणेल, बाईला दिसलं कसं नाही? पण पाच सुयांवर मांडीत गोळा होऊन पडलेलं विणकाम कधी बघितलंय का? मेलेल्या सशासारखं दिसतं. त्यात पाठ कुठली न् पोट कुठलं!

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी सकाळी तिने शेवटचा धागा ओढला, गाठ मारली आणि झबलं स्वयंपाकघरातल्या टेबलावर नीट पसरून ठेवलं.

ते काही पसरेना. वरचा अर्धा भाग टेबलावर निजला आणि खालचा अर्धा उठून उभा राहिला. तिने दाबलं. पुन्हा उठला. तिने उलटं केलं. आता तो टेबलाच्या कडेवरून खाली वाकला आणि मधोमध एक गोल, गुबगुबीत, रेखीव टाच छताकडे बघत राहिली. टोकाला तर तिने अंगठ्यासाठी निमुळतं करत नेलेलं होतं.

इल्पो अंगणातला बर्फ काढून आत आला. टेबलापाशी थांबला. त्याने हळूच डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“कुणाचा आहे?”

“झबलं आहे ते,” हेल्का म्हणाली. आवाज कुठून तरी विहिरीतून आल्यासारखा.

“बरं.” तो टेबलाभोवती एक फेरी मारून आला. “डावा की उजवा?”

यावर हेल्का जी रडायला लागली, ती हसूनच थांबली आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. उसवून बघू म्हणून तिने धागा ओढला. पण इम्पीच्या मेंढ्यांची लोकर ती, इम्पीसारखीच, एकदा चिकटली की सुटत नाही. त्यातून टोपलीवीण. एक चौकोन उसवायला जावं तर शेजारचे दोन त्याचा हात धरून बसलेले.

“आपण सांगू, कुत्र्याने फाडलं,” इल्पो म्हणाला.

“आपल्याकडे कुत्रा कुठाय?”

“मग इम्पीच्या मेंढीने खाल्लं.”

“मेंढी लोकर खाते?”

“तिचीच होती ना. वाईट वाटलं असेल तिला.”

“इल्पो, उद्या आपल्या पोराचा अननस होणार आहे, आणि तुला मेंढीचं सुचतंय!”

इल्पोने कुऱ्हाडीकडे पाहिलं, पण फोडायला आता लाकूडच उरलं नव्हतं. एवढ्यात बाळ उठलं. निदान घालून तर बघू, म्हणून हेल्काने नाक पुसत त्याला त्या मोज्यात सोडलं. हात भोकांतून बाहेर आले. पाय खाली गेले. आणि बाळाचं ते लंगोटाने फुगलेलं बूड घसरत घसरत बरोबर टाचेत जाऊन बसलं. असं बसलं, जसं अंडं घरट्यात. गुडघे पुढे दुमडले आणि पाय मोज्याच्या पुढच्या भागात मजेत हलू लागले. बाळाने एकदा आईकडे बघितलं, एक सुस्कारा टाकला आणि पुन्हा झोपून गेलं. लाथ नाही की किरकिर नाही. त्या दुपारी हेल्का बाहेर जाऊन नाकाखाली बोट धरायचंसुद्धा एकदा विसरली. आठवल्यावर मात्र दोनदा जाऊन आली.

पण ऊब वेगळी आणि पैज वेगळी. सासूबाई म्हणाल्या होत्या, मोजा नको.

रविवारी घर माणसांनी भरलं. इम्पी, तिच्या दोन सुना, इल्पोचे गिरणीतले लोक (सगळे हेल्काच्या मोज्यांत) आणि पास्टरबाई. पाव, केक, कॉफी सगळं मांडलेलं. बाळाचा लांब पांढरा अंगरखा इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला. हेल्काने बाळाला झबल्यात घालून वरून पांढरी शाल अशी गुंडाळली होती, की नुसतं नाक दिसत होतं.

“आधी झबलं, मग अंगरखा,” सासूबाई म्हणाल्या.

“झोपलाय हो, आई.”

“झोपू दे. मी काय त्याच्याशी गप्पा मारणार आहे? शाल काढ.”

हेल्काने इल्पोकडे पाहिलं. इल्पो छताकडे बघत होता. शेवटी इम्पीलाच धीर धरवेना. तिने शालीचं टोक धरलं आणि ओढलं.

“अगं बाई!” इम्पी ओरडली. “टोपलीवीण तर आहेच, पण हे बघा, बुडाला खिसा केलाय!”

“कुठे? बघू बघू!” सुना पुढे सरसावल्या. “अगं खरंच! बूड कसं छान बसलंय! आमच्याकडे सगळं वर सरकून गळ्याशी येतं.”

“माझ्या नातवाचंही तेच,” पास्टरबाई कप हातात घेऊन वाकल्या. “किती विचार करून केलंय! ही कल्पना कुणाची हो?”

“हिचीच,” इल्पो घाईने म्हणाला. “कितीतरी दिवस विचार करत होती. कागदावर आकृत्या काढ, मापं घे…”

सगळ्या बायका हेल्काकडे बघू लागल्या. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. ‘हो’ म्हटलं की आरो. पण समोर उभ्या होत्या पास्टरबाई, आणि हेल्काला नको त्या वेळी बायबलातला तो अनानियास आठवला. खोटं बोलला आणि उभ्या उभ्या कोसळला. बाळाचा विचार मनात आला. बिनआईचं पोर, त्यात नाव अननस!

“विचार काही केला नाही,” ती म्हणाली. “टाच आहे ती. मोज्याची. बाळ शिंकलं आणि माझ्या हातून टाच वळली गेली.”

कॉफीचं भांडं तेवढं चुलीवर गुरगुरत होतं. इल्पोने केकचा भला मोठा तुकडा तोंडात कोंबला, म्हणजे त्याला कुणी काही विचारायला नको.

सासूबाई पुढे आल्या. चष्मा लावला. बाळाला कुशीवर वळवलं, बोटाने टाचेची कड चाचपली, वळण बघितलं, टोक बघितलं. चार मुलांचे आणि दोन नवऱ्यांचे मोजे विणलेली बाई ती! तिला कोण फसवणार?

“टाच आहे,” त्यांनी निकाल दिला. हेल्काच्या डोळ्यांपुढे काटेरी, पिवळा, पानांच्या तुऱ्याचा अननस उभा राहिला. “आणि ज्याला टाच आहे तो…”

“केर्त्तूकाकू, तुमच्या घरची पद्धत का हो ही?” इम्पीची थोरली सून मध्येच म्हणाली. “आम्हाला शिकवा ना! माझं बाळंतपण फेब्रुवारीत आहे.”

“मलाही हवंय नातवासाठी,” पास्टरबाई म्हणाल्या. “तुम्हाला येतं का हो हे?”

सासूबाईंचं तोंड ‘मोजा’ म्हणण्यासाठी उघडलेलं होतं, ते तसंच राहिलं. मग हळूच मिटलं. मग पुन्हा उघडलं, पण आता वेगळ्या आकाराचं.

“येतं का म्हणजे? टाच वळण्यात या गावात माझा हात धरणारी कोण आहे?” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “आमच्याकडे पहिल्यापासून बुडाकडे लक्ष असतं. उगाच नाही माझी चारही मुलं अशी धडधाकट.” (धडधाकट मुलांपैकी एक केकने ठसकत होता.)

“पण आई,” हेल्का चाचरत म्हणाली, “हा मोजा आहे का झबलं?”

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की ही पोरगी कधी शहाणी होणार!

“मोज्यात पाय किती असतात?”

“एक.”

“यात किती आहेत?”

“दोन.”

“मग मोजा कसा होईल? काहीतरी विचारतेस!” आणि हेल्काच्या कानाशी वाकून त्या हळूच म्हणाल्या, “आरो लहानसं आहे. थंडीत दारातून हाक मारायला बरं.”

पाण्याचा हात बाळाच्या डोक्यावरून फिरवताना पास्टरबाईंनी नाव विचारलं, तेव्हा हेल्काने ते इतक्या मोठ्याने सांगितलं, की बाहेर इम्पीच्या मेंढ्यांनीही माना वर केल्या. आरो! इल्पोने डोळे पुसले. पुसता पुसता म्हणाला, “दोन्ही छान होती,” आणि दोघींनी मिळून त्याला लाकडं आणायला पाठवलं.

त्या हिवाळ्यात सासूबाईंच्या स्वयंपाकघरात दर मंगळवारी बायका जमू लागल्या. आधी इम्पीच्या सुना आल्या, मग पलीकडच्या गावच्याही. सासूबाई मधोमध बसून शिकवत आणि हेल्का कॉफी ओतत असे. थंडी सरता सरता गावातल्या झाडून सगळ्या बाबागाड्यांत टाच असलेलं बाळ झोपलेलं होतं. पण पहिला मान हेल्काच्या मुलाचा. त्याला कुणी कडेवर घेतलं की आधी बूड बघत आणि मगच तोंड. सासूबाईच प्रथम लाडाने ‘आमचा टाचोबा’ म्हणू लागल्या. इम्पीने ते उचललं, इम्पीने उचललं म्हणजे गावाने उचललं. पोस्टमन म्हणे टाचोबा, गिरणीचा मालक म्हणे टाचोबा. इल्पोही घरात हळूच म्हणे. हेल्का सुरुवातीला प्रत्येकाला थांबवून सांगायची, “आरो. आरो नाव आहे त्याचं.” मग हाक मारायच्या घाईत एकदा तिच्याही तोंडून गेलं. मग दोनदा गेलं. मग मोजायचं तिने सोडून दिलं.

वसंतात बाळाला टोचायला दवाखान्यात न्यायचं होतं. बाहेर बाकावर बऱ्याच आया बसल्या होत्या. हेल्का टाच नीट करत, नाकाखाली बोट धरत बसली होती. दारातून एक नवी नर्स डोकावली.

“आरो!”

कुणी उठलं नाही.

“आरोची आई आहे का?”

काय गोड नाव आहे, हेल्काच्या मनात आलं. तिने बाकावरून इकडे तिकडे पाहिलं. एकही बाई हलेना.

“पोराला टाकून कुठे गेली असेल हो?” ती शेजारणीला म्हणाली. “काय एकेक बाया असतात! मी तर याला मिनिटभर नजरेआड करत नाही.”

नवी नर्स आत गेली. आतून फोनवरच्या त्याच जुन्या नर्सबाईंचा आवाज आला, “अगं, तसं नाही म्हणायचं,” आणि त्यांनी दारातून मान बाहेर काढली.

“टाचोबा आलाय का?”

“आलाय, आलाय!” हेल्का ताडकन उठली, बाळ खांद्यावर टाकलं, पिशवी उचलली आणि जाता जाता शेजारणीला म्हणाली, “त्या आरोची आई आली तर सांगा हं तिला, वाट बघून बघून आमचा नंबर आधी घेतला म्हणून.”